डब्ल्यूडीएम-२ची मालगाडी जोडी, १:८७ : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

काय करायचं ते ठरलं. पुणे–मिरज मार्गावर मालगाडी ओढणाऱ्या अल्कोंच्या, म्हणजे डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनांच्या, जोडीचं मॉडेल, काळ साधारण १९९५. दोन इंजिनं, पैकी एकात मोटर आणि दुसरं नुसतं ओढलं जाणारं. मागे बॉक्सएन (वरून उघड्या) वाघिणींचा छोटा रेक.

डब्ल्यूडीएम-२ मुळात मालगाडीपुरती नव्हती. नावातला 'एम' मिश्र कामाचा. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल. पण वाफेची इंजिनं गेल्यावर घाटमाथ्यावरच्या मालाचा भार बराचसा हिनेच वाहिला, म्हणून मालगाडीचं मॉडेल करताना सुरुवात इथूनच. मूळ रचना अमेरिकेतल्या अल्को कंपनीची, डीएल५६०सी. १९६२ मध्ये पहिली इंजिनं जहाजाने आली, जानेवारी १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून निघू लागली. मूळ कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, तरी आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं हेच इंजिन बनत राहिलं. २६०० अश्वशक्ती, १६ सिलिंडरचं २५१ मालिकेचं व्ही इंजिन, सहा आस, सहा ट्रॅक्शन मोटर, वजन ११२.८ टन.

'जंबो' करायची नाही. १७ हजारांच्या मालिकेतल्या काही इंजिनांना बुटका शॉर्ट हूड (कॅबपुढचं आखूड नाक) आणि मोठ्या खिडक्या होत्या, त्या दिसायला वेगळ्याच. संदर्भासाठी फोटो जमवताना जंबोचा एखादा फोटो मिसळला की कॅबच्या खिडक्यांचं माप हमखास चुकतं, तेव्हा ते फोटो आधी बाजूला काढले.

१९ जानेवारी

रेखाटन. प्रमाण १:८७, म्हणजे मॉडेल रेल्वेतलं एचओ. खात्रीची मापं एवढीच आणि त्यांवर सगळं उभं राहतं:

बफरसकट लांबी १७,१२० मिमी, मॉडेलमध्ये १९६.८. दोन्ही हेडस्टॉकमधली (टोकांच्या आडव्या तुळयांमधली) लांबी १५,८६२, मॉडेलमध्ये १८२.३. पहिल्या आसापासून सहाव्यापर्यंत १२,८३४, मॉडेलमध्ये १४७.५. उंची ४,१८५, म्हणजे ४८.१. नवं चाक १,०९२, म्हणजे १२.६.

बाकी सगळं फोटोवरून काढायचं. त्याची रीत अशी: बरोबर आडव्या बाजूने, लांबून आणि लांब लेन्सने काढलेला फोटो घ्यायचा. पहिल्या आणि सहाव्या आसाच्या केंद्रांमधलं अंतर फोटोत मोजायचं, ते १२,८३४ मानून पट्टी तयार करायची. त्याच पट्टीने हेडस्टॉक ते हेडस्टॉक मोजून पाहायचं. १५,८६२ च्या आसपास आलं तर फोटो वापरण्याजोगा. दोनशे मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कॅमेरा तिरका होता, तो फोटो टाकून द्यायचा. अकरा फोटोंपैकी चार टिकले. फलाटावरून जवळून काढलेले एकजात बाद, कारण जवळचं टोक फुगतं.

आता या इंजिनाची खरी ओळख. ट्रायमाउंट बोगीतले (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्यातले) तीन आस समान अंतरावर नसतात. एका बाजूला सुमारे १.७ मीटर, दुसऱ्या बाजूला सुमारे २.१. बोगीच्या पहिल्या ते तिसऱ्या आसाचं अंतर जवळपास ३.८ मीटर, मॉडेलमध्ये ४३.७ मिमी, त्यात १९.५ आणि २४.२ अशी विभागणी. रंग, नंबर, शेडचं नाव सगळं बिनचूक असलं आणि खाली समान अंतराची बोगी असली, तर रेल्वेवेड्या माणसाला पहिल्या नजरेत खटकतं. कारण मात्र त्याला पटकन सांगता येत नाही. रुंद फट कोणत्या बाजूला आहे ते प्रत्येक बोगीपुरतं फोटोत बघून रेखाटनावर बाण काढून ठेवला. जोडताना बोगी उलटी बसवणं फार सोपं आहे.

गेजची तडजोडही इथेच मान्य करावी लागली. १,६७६ मिमी म्हणजे १:८७ मध्ये १९.३ मिमी. बाजारात रूळ मिळतात १६.५ मिमीचे, जे खऱ्यात १,४३५ होतात. रूळ स्वतः टाकायचे तर सांधे, चाकं, आस सगळंच स्वतः करावं लागेल. रूळ १६.५ चेच ठेवले. मात्र बोगीच्या बाजूच्या चौकटी ब्रॉडगेजच्या जागेवर, म्हणजे प्रत्येक बाजूला १.४ मिमी बाहेर. समोरून पाहिलं तर चाक आणि चौकट यांत फट दिसते. बाजूने दिसत नाही, आणि मालगाडी बाजूनेच पाहिली जाते.

२ फेब्रुवारी

चेसिस. जुनी अमेरिकन अल्को सहा-आसी चेसिस निवडली. कारण सरळ आहे: ट्रायमाउंट बोगी अल्कोचीच, त्यामुळे असमान अंतर आयतं मिळतं. समान अंतराची बोगी घेऊन मधला आस सरकवायचा तर गिअर टॉवर (आसांना गती देणारा गिअरांचा संच) नव्याने करावा लागतो, आणि ते काम एका इंजिनासाठी परवडत नाही.

दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर हवं १२,८३४ वजा ३,८००, म्हणजे ९,०३४, मॉडेलमध्ये १०३.८. चेसिसचं निघालं १०७. तीन मिमीचा फरक सोडून द्यावासा वाटतो, पण खऱ्यात तो पाव मीटरपेक्षा जास्त. सगळा फरक टोकाच्या आसापुढच्या जागेत येतो. तिथे मॉडेलमध्ये जेमतेम १७.४ मिमी आहेत, त्यातून दीड मिमी गेला की पायऱ्या आणि बोगी एकमेकींवर येतात.

ओतीव फ्रेम करवतीने कापून पुन्हा जोडणं टाळलं. कापली की ती सरळ रेषेत परत बसत नाही आणि मोटर थरथरते. त्याऐवजी प्रत्येक बोगीच्या पिनचं भोक कानसाने आतल्या बाजूला दीड मिमी लांबट केलं, बाहेरच्या बाजूला स्टायरीनची (प्लॅस्टिकच्या पत्र्याची) चकती चिकटवून पिन नव्या जागी अडवली. मोटरची गती बोगीपर्यंत नेणाऱ्या कार्डन शाफ्टच्या सांध्यात तेवढी सरक असते.

चाकं मूळचीच ठेवली, ११.७ मिमी. हवी १२.६. खऱ्यात ११.७ म्हणजे १,०१८ मिमी. चाक झिजतं, लेथवर पुन्हा पुन्हा घासलं जातं, आणि त्याचा व्यास कमी होत जातो. तेव्हा हे बरंच वापरलेलं चाक समजायचं. मालगाडीच्या इंजिनाला शोभतंही.

९ फेब्रुवारी

सरळ रुळावर छान चालते, ६१० मिमी त्रिज्येच्या वळणावर दर फेरीला अडखळते. आधी गिअरवर संशय आला, ग्रीस बदललं, फरक नाही. शेवटी शाफ्ट. भोक आत सरकवल्यावर सरक कमी उरली, आणि बोगी वळली की शाफ्ट सांध्याच्या तळाला टेकतो. दोन्ही शाफ्ट एकेक मिमी कापले. अडखळणं बंद.

ताडून पाहायची सोपी खूण: बोगी हाताने पूर्ण वळवून शाफ्ट बोटाने पुढेमागे हलवायचा. अर्धा मिमी तरी हलला पाहिजे.

२ मार्च

हूड. बाजूंना ०.७५ मिमी स्टायरीन, छताला १ मिमी, आत दर ३० मिमीवर १ मिमीचे आडवे पडदे. हूडची बाहेरची रुंदी फोटोवरून २१ मिमी ठरली. छताची कड गोलसर असल्यामुळे कोपऱ्यात आतून २ मिमीची चौकोनी पट्टी आधी चिकटवली, मग बाहेरून ४००च्या पॉलिश पेपरने गोलाई काढली. आत पट्टी नसेल तर घासता घासता कोपऱ्याला भोक पडतं.

लाँग हूडच्या, म्हणजे कॅबच्या पलीकडच्या लांब खोक्याच्या, बाजूला इंजिनरूमचे दरवाजे. हे ०.२५ मिमीच्या स्टायरीन पत्र्याचे वेगळे तुकडे कापून वरून चिकटवले, दोन दरवाज्यांत ०.३ मिमी फट. ओरखडे काढून दरवाजे दाखवता येतात, पण रंगाचे तीन थर बसले की ओरखडा बुजतो. दरवाजे किती आणि कुठले रुंद ते त्याच इंजिनाच्या फोटोत मोजायचं. डाव्या-उजव्या बाजू सारख्या नाहीत, एका बाजूचं रेखाटन उलटवून दुसरीकडे वापरू नये.

रेडिएटरच्या झडपांसाठी आडव्या पट्ट्यांचा तयार पत्रा वापरला, दोन पट्ट्यांमध्ये ०.८ मिमी. छतावरच्या मोठ्या पंख्याची जाळी पितळी. जाळीखाली पंखा हवाच, कारण वरून पाहताना आत पोकळी दिसली की सगळा परिणाम जातो. ०.२५ पत्र्याची आठ पाती पुरेशी आहेत, कोन अंदाजे ३० अंश.

शॉर्ट हूडच्या बाजूच्या जाळ्या विसरायच्या नाहीत. आत डायनॅमिक ब्रेकचे रोधक असतात. उतारावर ट्रॅक्शन मोटर जनित्रासारख्या फिरतात आणि तयार झालेली वीज या रोधकांत उष्णता होऊन जाते, ती बाहेर काढायला जाळ्या.

१६ मार्च

लाँग हूडची एक बाजू धनुष्यासारखी वाकली, मध्यावर जवळजवळ १ मिमी. दोष दरवाज्यांचा. ०.२५ चे तुकडे ०.७५ वर सगळीकडे स्टायरीन विरघळवणारं द्रावण फासून चिकटवले होते. आत अडकलेलं द्रावण हळूहळू उडतं आणि पातळ थर आवळत जातो. दुसऱ्या दिवशी सगळं सरळ असतं, वाकणं पाचव्या-सहाव्या दिवशी दिसतं.

ती बाजू नव्याने केली. या वेळी मागच्या पत्र्याला प्रत्येक दरवाज्याच्या मध्यावर ०.८ मिमीचं भोक, द्रावण फक्त कडांना, बारीक कुंचल्याने केशाकर्षणाने जाऊ दिलं, आणि दोन काचांमध्ये दाबून आठ दिवस ठेवलं. सरळ आहे. दुसऱ्या इंजिनाच्या चारही बाजू आता असंच करायच्या.

२३ मार्च

कॅब. खिडक्यांच्या काचा ०.२५ मिमी पारदर्शक पत्र्याच्या, पण बसवायच्या रंगकाम झाल्यावर. सायनोॲक्रिलेटने काच चिकटवली तर तिच्या वाफेने पांढरी साय धरते, म्हणून त्यासाठी पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद. आत कंट्रोल स्टँडचा ठोकळा आणि दोन खुर्च्या. एवढंच खिडकीतून दिसतं.

पाटा, म्हणजे हूडभोवतीची चालायची फळी, ३३ मिमी रुंद. कडेच्या पट्टीची जाडी बाहेरून १ मिमी दिसली पाहिजे. फळी स्वतः दीड मिमीची घेऊन कड खालून तिरकी तासली. टोकांना पायऱ्या पितळी पत्र्याच्या, ०.३ मिमी. स्टायरीनच्या पायऱ्या हाताळताना मोडतात, दोनदा मोडल्या.

६ एप्रिल

कठडे. ०.४ मिमी पितळी तार, खांब ०.५ मिमीचे. खांबाच्या माथ्याला ०.४ चं भोक पाडायचा नाद सोडला. खांब दाबून चपटा करायचा, त्यावर तार टेकवून सोल्डर. लाकडी फळीवर खिळे ठोकून साचा केला, सगळे खांब एका उंचीचे राहतात. इस्त्रीसारखं जाड टोक नको, २५ वॉटचं बारीक टोक. आधी सोल्डर, मग पाट्यावर. उलट केलं तर उष्णतेने भोवतीचं स्टायरीन वितळून बसतं.

२७ एप्रिल

बोगीच्या चौकटी आणि टोकं.

चौकटी १.४ मिमी बाहेर नेण्यासाठी मूळ टेकूंवर स्टायरीनच्या चकत्या. त्यावर ब्रेक सिलिंडर, वाळूचे पाइप. वाळूचा पाइप चाक आणि रूळ जिथे टेकतात तिकडे रोखलेला असतो. मॉडेलमध्ये तो रुळापासून १ मिमी वर थांबवायचा, नाहीतर सांध्यात अडकून शॉर्ट होतो. तार वापरली तर. नायलॉनचा दोरा कडक करून वापरला की ती भीती नाही.

बफर केंद्रांमधलं अंतर खऱ्यात १,९५५, मॉडेलमध्ये २२.५. रुळापासून उंची १,१०५, म्हणजे १२.७. बफर हेडस्टॉकच्या पुढे ७.२ मिमी येतात. स्प्रिंगवाले घेतले, का ते ऑगस्टमधल्या नोंदीत.

होज पाइपांनी काळ सांगता येतो. सुरुवातीच्या डब्ल्यूडीएम-२ व्हॅक्यूम ब्रेकच्या. नंतर ज्यांना व्हॅक्यूम आणि हवा दोन्ही बसवले त्या २ए म्हणून ओळखल्या जातात. हेडस्टॉकवर जाड व्हॅक्यूम होज असेल आणि सोबत हवेचेही असतील, तर ते इंजिन या मधल्या काळातलं. हवेच्या पाइपांत ब्रेक पाइपचा कॉक हिरवा, फीड पाइपचा पांढरा. बॉक्सएन हवेच्या ब्रेकची वाघीण, तेव्हा तिच्यापुढे नुसत्या व्हॅक्यूमचं इंजिन जोडणं चूक ठरेल. आपण २ए केली. होजसाठी ०.७ मिमीच्या वायरचं काळं वेष्टण, आत तांब्याचा एक धागा ठेवून वाकवलं.

१८ मे

वीज. जुन्या चेसिसमध्ये मोटरचा एक ब्रश थेट फ्रेमला टेकलेला असतो, आणि फ्रेम म्हणजे एक रूळ. तसंच ठेवून डिकोडर (रुळांतून येणाऱ्या आज्ञा वाचून मोटर चालवणारं सर्किट) जोडला तर पहिल्या क्षणी जळतो. मोटर फ्रेमपासून संपूर्ण वेगळी केली, मल्टिमीटरने प्रत्येक ब्रश ते फ्रेम आणि ब्रश ते प्रत्येक रूळ तपासलं. एकाही ठिकाणी बीप येता कामा नये.

मोटरचा अडकलेला प्रवाह, म्हणजे मोटर अडकली असताना ती ओढते तो: १२ व्होल्ट देऊन फ्लायव्हील क्षणभर धरलं, मीटरवर १.३ अँपिअर. डिकोडर १ अँपिअरचा. कम्युटेटर साफ करून १.२ पर्यंतच उतरला. मोटर बदलली, पाच-ध्रुवी डबा मोटर, अडकलेला प्रवाह ०.६. चालताना शंभर मिलीअँपिअरच लागतात म्हणून जुनीच ठेवावी असं कधीतरी वाटतं, पण इंजिन सांध्यात अडकलं की डिकोडर जळायची तीच वेळ असते.

दिवे: ०६०३ आकाराचे उबदार पांढरे एलईडी, प्रत्येकाला १ किलोओहम. बारा व्होल्टला ९ मिलीअँपिअर होतात, तेही जास्त वाटले, २.२ केले. १९९५ च्या इंजिनाचा दिवा आजच्या एलईडीसारखा डोळ्यांत घुसणारा नव्हता. हूडच्या आतून आधी काळा रंग, नाहीतर पातळ स्टायरीन कंदिलासारखं उजळतं.

वेग वाढायला लागणारा वेळ डिकोडरच्या सीव्ही ३ या सेटिंगमध्ये. किंमत गुणिले ०.८९६ एवढे सेकंद शून्यापासून पूर्ण वेगाला लागतात. २० ठेवली, म्हणजे १८ सेकंद. मालगाडी जागेवरून सुटताना हे कमीच आहे, ४० करून पाहायचं. ध्वनीचा डिकोडर असेल तर आधी आवाज चढतो आणि मग गाडी हलते, तो उशीर वेगळा द्यावा लागतो.

२२ जून

रंग. चुका इथे जास्त झाल्या, म्हणून सविस्तर.

पहिली: गाडीच्या पेंटचा एनसी प्राइमर. धातूवर उत्तम, स्टायरीनवर घातक. त्यातलं थिनर पृष्ठभाग मऊ करतं; ०.२५ चे दरवाजे कडांना सुरकुतले. हे चाचणी तुकड्यावर दिसलं म्हणून इंजिन वाचलं. पितळी कठड्यांना एनसी प्राइमर चालतो, बाकी सगळीकडे मॉडेलचा राखाडी प्राइमर, पातळ, दोन फवारे.

दुसरी: पावसाळा. लॅकर रंगातलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार होतो, हवेतली बाष्प त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. क्रीम रंगावर कळलं नाही, लालवर लगेच दिसलं, जणू साबणाचं पाणी वाळलंय. आर्द्रता ८८ टक्के होती. उपाय दोन: मंद थिनर रंगात १० टक्के, आणि बंद खोलीत दिवा लावून तासभर हवा कोरडी करून मगच फवारणी. जिथे साय धरली होती तिथे नुसत्या मंद थिनरचा एक हलका फवारा मारला, ती विरघळून गेली. घासावं लागलं नाही.

क्रम: आधी क्रीम पट्टा, मग टेप, मग लाल. टेपच्या कडेवरून पुन्हा एक फवारा क्रीमचाच. झिरपायचं ते क्रीमच झिरपतं आणि फट बुजते, नंतर लाल आत जात नाही. दरवाज्यांच्या कड्यांवरून टेप जाते तिथे टोचणीने दाबायची. हवेचा दाब १.२ बार, नोझल ०.३. खाली बोगी, टाकी, हेडस्टॉकखालचा भाग काळा नव्हे, गडद राखाडी. शुद्ध काळा एवढ्या लहान आकारात भोकासारखा दिसतो.

६ जुलै

नंबर आणि अक्षरं. क्रीम पट्ट्यावर गडद अक्षरं असतील तर पारदर्शक डेकल कागदावर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापावर) लेझर प्रिंट पुरतो. लालवर पिवळी अक्षरं असली की अडचण, कारण घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते; पिवळं लालवर पारदर्शक होऊन नाहीसं होतं. पांढऱ्या डेकल कागदावर लाल पार्श्वभूमीसकट छापायचं आणि लाल रंग जुळवायचा. चार छटा छापून वाळलेल्या इंजिनाशेजारी दिवसाउजेडी ठेवल्या, तिसरी जुळली. तरीही कड दिसते, ती पुढच्या धुळीत लपवायची.

'म.रे.' (मध्य रेल्वे), शेडचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये. अक्षरांची वळणं टंकाची नसतात, शेडमधल्या रंगाऱ्याच्या हातची असतात. छापील टंक वापरला की मॉडेल लगेच नकली वाटतं. फोटोवरून अक्षर गिरवून घेतलं: 'पु'चा उकार जरा लांब आणि 'णे'ची मात्रा शिरोरेषेपासून सुटलेली. हे एवढंसं सुटलेपण साडेतीन मिमीच्या अक्षरात दिसतं.

२० जुलै

मळ. मालगाडीचं इंजिन धुतलेलं असू नये, पण सगळीकडे सारखा मळही नको. मळ कुठून येतो ते ठरवून लावला.

धुरांडं. नॉच (वेगनियंत्रकाची पायरी) वाढवली की अल्को काळा धूर ओकते. इंजिनाचा वेग राखणारा गव्हर्नर इंधन लगेच वाढवतो, पण टर्बोचार्जर निकासवायूवर फिरतो आणि त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ हवा कमी, इंधन जास्त, म्हणून काजळी. त्यामुळे धुरांड्याभोवती छत मखमली काळं असतं आणि इंजिन दोन्ही दिशांना धावत असल्याने डाग दोन्हीकडे पसरतो. एकाच बाजूला शेपटासारखा ओढलेला डाग फोटोत सापडला नाही. कोळशाची कांडी पॉलिश पेपरवर घासून पूड केली, मऊ कुंचल्याने धुरांड्यापासून बाहेर थोपटली. आधी मॅट वार्निश, त्याशिवाय पूड धरत नाही. वरून पुन्हा वार्निश मारलं की निम्मी पूड दिसेनाशी होते, तेव्हा दुप्पट लावायची.

बोगीवर तांबूस. ब्रेकचे ठोकळे ओतीव लोखंडाचे, त्यांची भुकटी गंजते. चाकांच्या आसपास दाट, वर जाताना विरळ. टाकीच्या तोंडापाशी डिझेल सांडल्याचे खाली ओघळ: हे मात्र चकचकीत ठेवायचे, कारण तेलावर धूळ बसली तरी ओलसर दिसतं. तेलरंगाचा तपकिरी टिपूस, थिनरने ओला केलेल्या कुंचल्याने खाली ओढला, वर चकाकी वार्निश फक्त तेवढ्यावर.

कॅबच्या दाराची कडी, पायऱ्यांच्या कडा आणि कठड्याचा हात टेकायचा भाग इथला रंग घासून आतलं पितळ किंचित उघडं केलं. रोज हात लागतो तिथे मळ साठत नाही.

३ ऑगस्ट

चाचणी.

वजन आधी ३१० ग्रॅम होतं. टायरच्या दुकानात चाकाच्या समतोलाला ५ ग्रॅमच्या चिकट पट्ट्या लावतात, त्या ३४ घातल्या, एकूण ४८०. टोकांपेक्षा बोगींच्या वर. मध्यापासून दोन्ही बाजूंना वजन सारखं आहे का ते बोटावर तोलून पाहिलं, लाँग हूड जड निघाला, चार पट्ट्या हलवल्या.

ओढ: दोरा कप्पीवरून घेऊन खाली वजन टांगलं, चाकं घसरायला लागली तेव्हा ९२ ग्रॅम. वजनाच्या साधारण पाचवा भाग. अपेक्षेप्रमाणे.

बॉक्सएन खऱ्यात १०,७१३ मिमी, मॉडेलमध्ये १२३. आपल्या प्रत्येकीचं वजन ९७ ग्रॅम. फळी तिरपी करत नेली, वाघीण १:४० ला आपोआप घरंगळू लागली, म्हणजे तिचा अडथळा वजनाच्या अडीच टक्के, सुमारे २.४ ग्रॅम. दुसरं, मोटर नसलेलं इंजिन १६० ग्रॅम, सपाटीवर त्याचा अडथळा ९ ग्रॅम, कारण विजेसाठी चाकांवर घासणाऱ्या पत्र्या ठेवल्यात.

हिशोब: सपाटीला ९२ वजा ९, भागिले २.४, म्हणजे ३४ वाघिणी. १:५० च्या चढावर दोन्ही इंजिनांना स्वतःचं वजन चढवायलाच सुमारे १३ ग्रॅम जातात आणि प्रत्येक वाघिणीला ४.४ लागतात, उरतात १६. प्रत्यक्षात १५ चढल्या, सोळावी जोडल्यावर वळणावर घसरली. कॅसलरॉक–कुळे घाटासारखा १:३७ दिला तर हिशोब १३ वर येतो, करून पाहिलं तर १२. घाटात मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) का लावतात ते मॉडेलच्या रुळांवरही दिसतं. ५८ वाघिणींचा पूर्ण रेक १:८७ ला सात मीटरहून लांब होईल. इथे १४ पुरतात.

बफर अडकणं. ६१० मिमी वळणावर दोन इंजिनांतला कोन साधारण १८.५ अंश, प्रत्येकाच्या वाट्याला ९.२. बफर मध्यापासून ११.२५ मिमीवर, म्हणून आतल्या बाजूचा प्रत्येक बफर १.८ मिमी पुढे येतो, दोन मिळून ३.६. कपलिंगने बफरांत ३ मिमी अंतर ठेवलं होतं. पहिल्याच फेरीत आतले बफर एकमेकांवर दाबले आणि मागच्या इंजिनाचं पुढचं चाक उचललं. स्प्रिंगवाले बफर होते म्हणून उलटलं नाही. लांब दांड्याचं कपलिंग लावून अंतर ४.५ केलं. ४५७ मिमी वळणावर हाच हिशोब ४.८ वर जातो, तेव्हा ही जोडी तिथे न्यायची नाही.

उलटसुलट वळणांत आणखी एक गोष्ट: ६१० वरसुद्धा इंजिनाचं टोक रुळाच्या मध्यापासून साडेपाच मिमी बाहेर जातं. एक टोक डावीकडे, दुसरं उजवीकडे गेलं की बफर एकमेकांना चुकवून बाजूला अडकतात. मध्ये किमान २०० मिमी सरळ रूळ टाकला. पहिल्या वाघिणीशी मात्र हा प्रश्नच येत नाही. बॉक्सएनला बाजूचे बफर नसतात, नुसतं मधलं कपलिंग.

१० ऑगस्ट

दुसऱ्या इंजिनाचे कठडे बाकी आहेत. दोन्हींच्या बोगींवरचे बाण पुन्हा फोटोशी ताडले: दुसऱ्याची मागची बोगी उलटी बसली होती, रुंद फट चुकीच्या बाजूला. रंग झाल्यावर लक्षात आलं. चौकटीचे चार टेकू काढून बसवावे लागतील. पहिल्या इंजिनाची सीव्ही ३ आता ४०, बरी वाटते.